सोमवारपर्यंत

पहिल्या दिवशी बारकीने स्टेथोस्कोप गळ्यात घातला तो घरातूनच. घर ते रुग्णालय या वाटेवर कुणाचं हृदय ऐकायचं होतं कोण जाणे! बसमध्ये एका बाईने "डॉक्टर, बसा" म्हणत जागा दिली, तर ही खुशाल बसली. आधीची वर्षं पुस्तकं घोकण्यात आणि प्रेतं चिरण्यात गेली होती, आता जिवंत माणसांच्या वॉर्डात पाय ठेवायचा होता. घरात शेंडेफळ म्हणून ती बारकी, कॉलेजात उंचीमुळे बारकीच. निदान वॉर्डात तरी कुणी मॅडम म्हणावं, एवढीच बिचारीची अपेक्षा.

वॉर्डात शिरली आणि सगळी हवा निघून गेली. उभं कुठे राहायचं, इथपासूनच अडचण. खाटेजवळ थांबलं की सिस्टर म्हणे बाजूला व्हा, भिंतीला टेकलं की फरशी पुसणारी म्हणे पाय उचला, दारात थांबलं की औषधांची गाडी अंगावर येई. नातेवाइकांना निदान बसायला स्टूल मिळतं, शिकाऊ डॉक्टरला तेही नाही. तिने एका आजोबांचा रक्तदाब मोजायला घेतला आणि दंडावरचा पट्टा असा काही फुगवला, की आजोबांनी हात आखडून घेतला आणि खऱ्या डॉक्टरला बोलवा म्हणून आवाज दिला. बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशात तिला शिंपीकाका भेटले. खिडकीजवळच्या खाटेवर बसून ते उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण न्याहाळत होते. धाप लागते, पाय सुजतात, म्हणून दाखल झालेले. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं फिरायचं आणि फूस असा आवाज यायचा. आजार फार अवघड नव्हता, पण आवाज मात्र इतका स्वच्छ की विचारू नका. बारकीने छातीवर स्टेथोस्कोप टेकवला, श्वास रोखला, आणि तिला तो ऐकू आला. पुस्तकात वाचलेली गोष्ट कानात खरीखुरी वाजत होती. तिचा चेहरा असा उजळला की काकाच म्हणाले, काय डॉक्टरबाई, गाणं लागलंय का आत?

त्या दिवसापासून काका तिचे झाले. वॉर्डाच्या भाषेत सांगायचं तर ती तिची केस झाली. ती रोज सकाळी आधी त्यांच्याकडे जाई. ते स्वतःच सदऱ्याची बटणं काढून डाव्या कुशीवर वळत, म्हणजे पोरीला आवाज नीट मिळावा. तिच्या एप्रनचा खांदा उतरलाय, बाही लांब आहे, कुणी शिवला हा, असं म्हणून तिला चिडवत. आणि ऐकून झालं की बायकोबद्दल बोलत.

काकूंना विसर पडत चालला होता. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग कोपऱ्यावरून घरी यायचा रस्ता. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, पुढच्या खोलीत दुकान आणि मागे संसार. सकाळी उठल्यावर काकू क्षणभर परक्यासारख्या बघत. मग काका समोर चहा घेऊन बसत, काही बोलत नसत, नुसते बसत. चहा संपेपर्यंत केव्हातरी त्या म्हणत, "अहो, साखर कमी झाली." ते 'अहो' आलं की काकांच्या जिवात जीव येई. ते दाखल झाल्यापासून धाकटी मेहुणी काकूंजवळ येऊन राहिली होती. एकदा तिने काकूंना वॉर्डात आणायला काढलंही, पण रुग्णालयाच्या लांबलचक बोळात त्या इतक्या घाबरल्या की जिन्यावरूनच परत न्याव्या लागल्या. फोनवरचा आवाज त्यांना कळत नसे. कोण बोलतंय बघ गं, म्हणून फोन बहिणीच्या हातात देत. पण रोज विचारत मात्र होत्या, हे कधी येणार?

हे सगळं बारकीला माहीत होतं. पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या. पोर अजाण नव्हती.

गोळ्यांनी काकांची सूज उतरली, धाप थांबली. गुरुवारी वॉर्डाचा निवासी डॉक्टर, ज्याला सगळी बॅच पाठीमागे 'जांभईसर' म्हणे, त्याने जाहीर केलं की शिंप्याला उद्या सकाळी घरी सोडायचं. आणि बारकीचं गणितच बिघडलं. कारण सोमवारी मोठे सर रजेवरून परत येऊन शिकवणी घेणार होते. एका विद्यार्थ्याने खाटेशी उभं राहून रुग्णाची सगळी हकीकत सांगायची, तपासून दाखवायचं, आणि बाकीच्यांनी त्याची फजिती बघायची. बॅचमधून पहिला नंबर बारकीचाच लागला होता. काका गेले तर तिच्या वाट्याला कोण? तर ते पट्टावाले आजोबा.

ती जांभईसरांच्या मागे मागे फिरली. त्यांनाही त्यात नवं काही नव्हतं. चांगली केस शिकवणीपर्यंत थांबवून ठेवायची, ही त्या वॉर्डाची जुनी रीत. कधी विचारून, कधी गोड बोलून, कधी नुसतंच 'अजून एक तपासणी राहिलीय' म्हणून. आपण काही वाईट करतोय असं कुणाच्या मनातही येत नसे. जांभईसर म्हणाले, खाटा रिकाम्या आहेत, सोमवारपर्यंत राहिले तर माझी ना नाही, पण मी सांगायला जाणार नाही. तुझं ऐकतात ते, तूच बघ.

'तुझं ऐकतात ते.' बस, तेवढ्यावर बाईसाहेब हरभऱ्याच्या झाडावर चढल्या.

शुक्रवारी सकाळी ती गेली तेव्हा काकांची पिशवी भरून तयार होती. दाढी झाली होती, सदरा झटकून घातला होता. आता सरळ विचारायला काय झालं होतं? काका, मला तुमची गरज आहे, माझ्यासाठी सोमवारपर्यंत थांबाल का? ते थांबले असते किंवा नाही म्हणाले असते, पण जे काही ठरलं असतं ते त्यांनी ठरवलं असतं. बारकीला नेमकी त्याचीच भीती होती. ती म्हणाली की मोठे सर सोमवारी येणार आहेत, त्यांनी एकदा ऐकल्याशिवाय सोडणं बरं नाही.

काका तिच्याकडे बघत राहिले. "गरज आहे का, डॉक्टरबाई? खरंच असेल तर थांबतो. घरी ती वाट बघतेय."

"गरज आहे, काका," बारकी म्हणाली.

काकांनी एकदाही वाद घातला नाही. पिशवीतून पंचा काढला, परत खाटेच्या दांडीवर टाकला. मग तिच्यासमोरच मेहुणीला फोन लावला आणि सांगितलं, तिला समजावून सांग, डॉक्टरांनी ठेवून घेतलंय, गरज आहे म्हणतात, सोमवारी येतो. दोनदा सांगितलं, सावकाश, म्हणजे निरोप नीट पोचेल. बारकी तिथेच उभी होती. तिला वाटलं, आत्ता बोलावं. मग वाटलं, सोमवार काय, आलाच. आणि ती बोलली नाही.

शनिवारी ती मैत्रिणींना घेऊन आली. सगळ्यांनी आळीपाळीने ऐकलं. काका कुशीवर वळत होते, श्वास सोडून धरत होते, आणि मधेच एकीला म्हणाले, बाई, जरा गरम करून लावा हो ते. सगळ्या हसल्या. बारकीही हसली, पण ते हसू काही पोटातून आलं नाही. जाताना तिने विचारलं, काकूंचं कसं आहे? ठीक असेल, काका म्हणाले, मेहुणी आज जास्त काही बोलली नाही. रविवारी सुट्टी असूनही ती आली. उजळणीसाठी, असं तिने स्वतःला सांगितलं. काका खिडकीशी उभे होते. तिला बघून लगेच सदऱ्याच्या बटणांना हात लावला, जणू तो त्यांचा कामधंदाच. ते बघून बारकीला कसंसंच झालं. आज नको काका, म्हणून ती परत फिरली आणि घरी जाऊन आईवर विनाकारण खेकसली.

सोमवारी मात्र तिने कमाल केली. हकीकत घडाघडा सांगितली, आवाज कुठे सुरू होतो, काखेपर्यंत कसा जातो, सगळं दाखवलं. मोठ्या सरांनी स्वतः ऐकलं, आणि सहसा कुणाला बरं न म्हणणारा तो माणूस म्हणाला, "छान शोधलंस." बॅचने डोळे विस्फारले. काकांना तर असा आनंद झाला, जणू परीक्षा त्यांनीच दिली होती. पण पुढच्या खाटेकडे जाताना सर मागे वळून जांभईसरांना हळूच म्हणाले, हे गृहस्थ अजून इथे कसे, यांना केव्हाच घरी जायला हवं होतं. जांभईसरांनी छताकडे बघितलं. बारकीने स्वतःच्या बुटांकडे.

दुपारी मेहुणी न्यायला आली. गोळ्या कशा घ्यायच्या ते बारकीनेच समजावलं. मेहुणी बडबडी नव्हती, पण पिशवी उचलताना बोलून गेली. शुक्रवारी ताई दिवसभर दारात बसून होती, जेवायलाही आत येईना. मी निरोप सांगितला, पुन्हा पुन्हा सांगितला. शनिवारी सकाळपासून विचारायचीच थांबली.

"रुसली असेल," काका म्हणाले आणि भराभर जिना उतरले.

त्या संध्याकाळी आईने साऱ्या आळीला 'छान शोधलंस' ऐकवलं. वडील ड्रायव्हर, ते डेपोतून आले तेही पेढ्यांचा पुडा घेऊन. बारकी खोलीचं दार लावून बसली. शुक्रवारी दारात, शनिवारी थांबली. शुक्रवारी दारात, शनिवारी थांबली. डोक्यातून जाईना.

पुढच्या आठवड्यात काकांनी दाखवायला यायचं होतं. ते आले नाहीत, मेहुणी आली, नुसत्या गोळ्या न्यायला. बारकीने तिला बोळात गाठलं आणि विचारलं. मेहुणीने आधी इकडेतिकडे बघितलं. मग सांगितलं की ताई त्यांना ओळखतच नाही. चहा घेऊन समोर बसतात, ती संकोचून उठून जाते. त्यांना भाऊ म्हणते. रात्री घरात परका पुरुष म्हणून रडायला लागली, तेव्हापासून ते दुकानातच कापड बेतायच्या टेबलाखाली अंथरूण टाकतात. पण तुमचं नाव काढलं की हात जोडतात हो, मेहुणी म्हणाली. म्हणतात, त्या पोरीने ठेवून घेतलं म्हणून वाचलो, नाहीतर हिला बघायला कोण राहिलं असतं.

बारकी तडक वॉर्डात परतली.

तिने जांभईसरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी, खरं सांगायचं तर, माणुसकीने ऐकलं. म्हणाले, हा आजार वाढतच जातो, आज ना उद्या हे व्हायचंच होतं, त्यात तुझा काय दोष, मनाला लावून घेऊ नकोस. बरोबरच होतं त्यांचं, पुस्तकातही तसंच लिहिलेलं होतं. आज ना उद्या. पण 'उद्या' झालं असतं तर मधला एक तरी दिवस त्या माणसाचा होता, आणि तो तिने एका शाबासकीसाठी खाल्ला होता. हे कुठल्या पुस्तकात बघायचं?

रविवारी ती पत्ता विचारत विचारत काकांच्या दुकानाशी पोचली. एप्रन नव्हता, स्टेथोस्कोप नव्हता. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. खरं सांगितलं तर त्या माणसाच्या हातात उरलेलं एकच समाधान, की थांबलो म्हणून वाचलो, तेही आपण काढून घेणार. नाही सांगितलं तर जन्मभर ते आपल्यासमोर हात जोडणार. यातलं कुठलं वाईट, ते तिला ठरवता येईना. शेवटी तिला एवढंच कळलं की ते जोडलेले हात तिला सोसवणार नाहीत.

काका मशीनवर होते. तिला बघून उठले, स्टूल पुसून दिलं, आत बघून म्हणाले, डॉक्टरबाई आल्यात, चहा टाक गं. आत मेहुणी होती. टेबलाखाली अंथरुणाची वळकटी दिसत होती. बारकी बसली नाही.

"काका, ती गरज नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही शुक्रवारी घरी जाऊ शकत होता. मला सरांसमोर दाखवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी खोटं बोलले."

काकांना लगेच कळलं नाही. मग कळलं. ते मशीनवर बसले, पण पाय चालवला नाही. सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच होती.

"म्हणजे शुक्रवारी मी इथे असतो," ते म्हणाले.

"हो."

"ती दारात होती तेव्हा."

बारकीने मान हलवली. तिला वाटलं, आता ओरडतील, हाकलून देतील. त्यासाठीच तर ती आली होती, कुणीतरी एकदा तोंडावर बोलावं म्हणून. पण काका नुसते बाहीकडे बघत राहिले. चहा आला, टेबलावर ठेवला गेला, कुणी उचलला नाही. मेहुणी एकाच्या तोंडाकडे, मग दुसरीच्या तोंडाकडे बघून आत निघून गेली.

शेवटी काका उठले. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "तुम्हाला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन. बोलेन, सोडणार नाही. पण आधी आत चला. माझं ती ऐकत नाही, बहिणीचं ऐकत नाही. डॉक्टरांवर तिचा पहिल्यापासून भरवसा. तुम्ही सांगा तिला, मी कोण ते."

मागच्या खोलीत काकू खिडकीशी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर, पाहुणी आली म्हणून चेहऱ्यावर हसू. काका उंबऱ्यातच थांबले. आत यायची परवानगी नसल्यासारखे थांबले. मेहुणीने ओळख करून दिली, ताई, ह्या डॉक्टर आहेत. काकूंनी लगेच बाजूला सरकून बारकीला पलंगावर जागा केली आणि जेवलीस का म्हणून विचारलं. बारकीने त्यांचा हात हातात घेतला. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं नव्हतं, हे तर तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"काकू, ते दारात उभे आहेत ना, ते तुमचे यजमान आहेत," ती म्हणाली.

काकूंनी काकांकडे बघितलं. अगदी नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग लहान मुलीची चूक सुधारावी तशा बारकीकडे वळून हसल्या.

"नाही गं बाळ. हे भाऊ शिवणकाम करतात, भले आहेत बिचारे. माझे यजमान दवाखान्यात आहेत. ते येणारच होते, पण डॉक्टरांनी ठेवून घेतलं. गरज आहे म्हणाले."

 बारकीने मान वर करून उंबऱ्याकडे बघितलं नाही. तिने बोलायचं ठरवलं, कारण आता न बोलणं म्हणजे पुन्हा तेच करणं होतं.

"काही गरज नव्हती, काकू. डॉक्टर खोटं बोलले तुमच्याशी."

काकूंनी हात सोडवून घेतला. त्यांचं हसू गेलं.

"असं बोलू नये डॉक्टरांना," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाचा जीव आहे त्यांच्या हातात."